पाणी ओसरल्यावर कुर्डीला: सांगे-नेत्रावळीतले दोन दिवस

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मडगावात आमच्या इमारतीत नळाला सकाळी जेमतेम पाऊण तास पाणी येत होतं. मी पिंपं भरत होते. शेजारच्या काकी दारात आल्या, पिंपाकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साळावलीचं पाणी खाली गेलंय म्हणजे आमचं घर वर आलं असेल."

काकींचं माहेर कुर्डी. 1979 साली लग्न होऊन त्या मडगावात आल्या, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांचं गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दक्षिण गोव्याच्या बहुतेक घरांत नळाला येतं ते पाणी याच धरणाचं. म्हणजे काकी गेली जवळजवळ चाळीस वर्षं आपल्या गावावर साठलेलं पाणी पितात, त्यानेच भांडी घासतात. ही गोष्ट मला माहीत होती, पण त्या दिवशी पिंपाशेजारी उभी असताना ती पहिल्यांदा नीट कळली.

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत जलाशय आटला की कुर्डी वर येते. मूळ गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या चॅपेलच्या जागी येतात. काकी मात्र एकदाही गेल्या नव्हत्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "उत्सवाला सगळी ओळखीची माणसं. मला कोणासमोर रडायचं नाही." म्हणून उत्सव होऊन गेल्यानंतरचा शनिवार-रविवार ठरवला. काकी, मी, माझा तेरा वर्षांचा मुलगा, आणि आमची छोटी गाडी. घाटात गाडी चालवायची माझी पहिलीच वेळ होती. पण काकींना नेत्रावळी आणि वरचं वेर्लेही बघायचं होतं, आणि त्यांचे गुडघे पुढच्या वर्षी काय म्हणतील ते सांगता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. चांदरच्या बाजूने कुडचड्याला पोचलो आणि तिथे भाजीपाव खाल्ला: पातळ भाजी, सुकी भाजी, एक बन आणि दोन मिरची भजी. या रस्त्यावर पूर्वी खनिजाच्या ट्रकांची रांग असे. 2012 साली खाणी बंद झाल्या तोवर इथल्या झाडांची पानंसुद्धा लाल होती. आता पानं हिरवी आहेत आणि कुडचड्याच्या बाजारात उठबस कमी आहे. सांग्यात पेट्रोलची टाकी पूर्ण भरली. जाणाऱ्यांनी हे विसरू नये. पुढे पंप शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि फोनची रेंजही नेत्रावळीच्या पुढे येते-जाते.

साळावली धरण सांग्याहून अगदी जवळ. लोक इथे जुलै-ऑगस्टमध्ये येतात. धरण भरलं की पाणी बदकाच्या चोचीसारख्या आकाराच्या सांडव्यात काठावरून कोसळतं, आणि ते बघायला रविवारी गाड्यांची रीघ लागते. सांडव्याला दारं नाहीत. पाणी काठाशी आलं की आपलं आपण आत पडतं. मे महिन्यात त्यातलं काहीच नाही. काँक्रीटचं कोरडं तोंड उघडं होतं, भिंतींवर पाण्याच्या जुन्या खुणा एकाखाली एक दिसत होत्या, आणि खाली दोन बगळे उभे होते. मुलगा जरा हिरमुसला. मला मात्र हे आवडलं. पाणी कोसळत असताना माणूस पाण्याकडेच बघतो. ते नसलं की धरण दिसतं, त्याची खोली दिसते, आणि एवढं पाणी अडवायला किती जमीन लागली असेल हा विचार आपसूक येतो. मागे जलाशय पसरला होता, काठाने तांबड्या मातीचा रुंद पट्टा आणि त्यामागे सह्याद्रीची निळसर रांग. बागेतल्या माणसाने सांगितलं, पावसाळ्यात हा सगळा तांबडा पट्टा पाण्याखाली असतो.

धरणाच्या परिसरातच कुर्डीचं महादेवाचं देऊळ आहे. कदंबकालीन देऊळ, पाण्याखाली जाऊ नये म्हणून दगड न् दगड सोडवून इथे आणलं आणि पुन्हा उभं केलं. कुर्डीचा आणखी एक ठेवा असाच वाचवला गेला, नदीकाठच्या जांभ्यात कोरलेली मातृदेवतेची भव्य मूर्ती. ती आता वेर्ण्याला आहे. काकी देवळाला प्रदक्षिणा घालून आल्या, खांबावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "देऊळ तेच आहे. आम्ही इथे चिंचा खात बसायचो. चिंच कुठे आहे?" चिंच आणणं अर्थातच कोणाला शक्य नव्हतं.

तिथून नेत्रावळीच्या दिशेने, विचारत विचारत, कुर्डीची वाट धरली. डांबर संपलं की कच्चा रस्ता जलाशयाच्या सुक्या पात्रात उतरतो. इथे एक गोष्ट सांगते. वरून खडखडीत दिसणारी माती पाण्याच्या जवळ आतून मऊ असते. आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या जिथवर होत्या तिथवरच मी गेले, गाडी कडक जमिनीवर ठेवली आणि पुढे चालत निघालो. छत्री, टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी. सावलीला एक झाड नाही, कारण जी झाडं होती त्यांचे फक्त बुंधे उरले आहेत, काळे पडलेले, मुळांसकट जमिनीत घट्ट.

कुर्डी म्हणजे पडकी घरं असं मी मनात धरलं होतं. प्रत्यक्षात घरं जवळजवळ नाहीतच. जोती आहेत. चिऱ्यांची चौकोनी जोती, दाराच्या पायऱ्या, विहिरींचे काठ, एक तुळशीवृंदावन, पाण्याचे पाट, आणि घराघरांमधून जाणाऱ्या वाटा. वाटा अजून वाटाच आहेत, त्या बघून गाव कसं वसलं होतं ते कळतं. मातीला हातभर रुंदीच्या भेगा. दूरवर सोमेश्वराचं छोटं देऊळ. या गावात देवळं होती, चॅपेल होतं, मुसलमानांचं एक श्रद्धास्थान होतं. पाणी आलं तेव्हा सगळ्यांवर सारखंच आलं.

काकी काठी टेकत पुढे. मी त्यांना विचारत होते की घर कसं ओळखणार, आणि त्या उत्तर देत नव्हत्या. एका विहिरीपाशी थांबल्या, आत वाकून पाहिलं, मग डावीकडे वळून मोजून पावलं टाकावीत तशा चालल्या आणि एका जोत्यावर चढल्या. "हांगा," एवढंच म्हणाल्या. मग त्या रिकाम्या जोत्यावर फिरत आम्हाला घर दाखवू लागल्या. ही ओटी. इथे आजोबांची आरामखुर्ची. ही मधली खोली, हे बाळंतिणीचं. ही रांध, म्हणजे स्वयंपाकघर, आणि ती मागे न्हाणी, तिथे पाणी तापवायचा तांब्याचा भाण. जिथे भिंत होती तिथे त्या भिंतीला वळसा घालून जात होत्या. चाळीस वर्षांपूर्वी विरघळून गेलेल्या भिंतीतून त्या एकदाही आरपार गेल्या नाहीत.

माझा मुलगा फोटो काढत एका कोपऱ्यात गेला. "बाबू, देवघरात चपला नकोत," काकी म्हणाल्या. रागावून नाही, घरी सांगतात तसं. तो थबकला, चपला काढल्या आणि तापलेल्या चिऱ्यावर पाय उचलत उभा राहिला. काकींनी मग त्याला स्वतःच बाहेर बोलावलं आणि बाटलीतलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. त्या रडल्या नाहीत. मी रडले, पाठ करून.

गुरं चारायला आलेल्या एका मुलाने आम्हाला मोगूबाई कुर्डीकरांच्या घराची जागा दाखवली. जयपूर-अत्रौली घराण्याच्या या थोर गायिकेचा जन्म 1904 साली याच गावात झाला. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, 1974 साली पद्मभूषण, आणि कन्या किशोरी आमोणकर. ज्या गावाचं नाव त्यांनी आडनाव म्हणून देशभर नेलं ते गाव नकाशावर निळ्या रंगाखाली आहे. मी लहानपणी पाच वर्षं गाणं शिकले, पुढे सुटलं. त्या जोत्यापाशी मला काहीतरी गावंसं वाटलं, पण ऊन फार होतं आणि गळा कोरडा होता. आम्ही नुसते उभे राहिलो.

कुर्डीच्या लोकांना वाडें आणि वालकिणीला वसवलं. काकींचे धाकटे भाऊ वालकिणीला असतात. दुपारचं जेवण त्यांच्याकडे. उकड्या तांदळाचं शीत, फणसाची भाजी, सुक्या बांगड्याची किसमूर, भिरंडाची म्हणजे कोकमाची कढी. अंगणात सुपांमध्ये भिरंडाच्या साली वाळत होत्या. मे महिना म्हणजे पावसाळ्याची बेगमी, आमच्याकडे ज्याला पुरुमेंत म्हणतात ते. हात धुवायला उठले तर मामांनी नळाऐवजी पिंपातलं पाणी तांब्याने दिलं. नळ आहे, पण मे महिन्यात त्याचा भरवसा नाही, टँकर येतो असं म्हणाले. ज्यांच्या शेतांवर आणि पोफळींच्या कुळागरांवर ते पाणी साठलं त्यांच्या अंगणात टँकर. यावर मामा काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. पण मला ते फार लागलं, अजूनही लागतं, आणि या सहलीबद्दल लिहायचं ठरवलं ते मुख्यतः त्या तांब्याभर पाण्यामुळे.

संध्याकाळी नेत्रावळीला पोचलो. एका कुळागरातल्या घरी दोन खोल्या आधी सांगून ठेवल्या होत्या. पोफळी, त्यांवर चढलेले मिरवेल, मधून वाहणारा पाट. दिवसभराच्या त्या उघड्या तापलेल्या मातीनंतर इथली सावली अंगावर आली तेव्हा काकी ओटीवर आडव्या झाल्या त्या जेवणापर्यंत उठल्या नाहीत. रात्री वळवाची एक सर आली, वीज गेली, आणि पाऊस थांबल्यावर समोरच्या झाडांवर काजवे लागले. एक झाड पेटायचं, विझायचं, मग शेजारचं पेटायचं. मुलाने फोटो काढायचा प्रयत्न केला, काळं चित्र आलं, मग फोन खाली ठेवून तो बघत बसला.

रविवारी सकाळी गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी. पायऱ्या असलेलं चौकोनी तळं, हिरवट पाणी, आणि तळातून सतत वर येणारे बुडबुडे. कधी एकटा बुडबुडा, कधी मण्यांची सर सुटावी तशी ओळ. टाळी वाजवली की जास्त येतात असं लोक सांगतात. तळाच्या गाळातून, भेगांतून वायू बाहेर पडतो म्हणून ते येतात. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर बराच वेळ गप्प बसून पाहिलं. गप्प बसल्यावरही ते येतच होते, आणि मला तेच जास्त सुंदर वाटलं. लवकर जा, साडेसातच्या आत. नंतर माणसं येतात आणि टाळ्यांचाच आवाज होतो.

मग वेर्ले. नेत्रावळी अभयारण्य 1999 साली घोषित झालं, क्षेत्रफळ 211 चौरस किलोमीटर. वेर्ले, तुडव आणि साळजिणी ही तीन गावं त्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. रस्ता अरुंद आणि उभ्या चढाचा आहे. घाटात गाडी चालवणाऱ्या भावाने मला निघताना तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: वर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, आणि उतरताना ज्या गियरमध्ये चढलीस त्याच गियरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. पहिली चार वळणं मी श्वास धरून घेतली. पुढे हात बसला. झाडी दोन्ही बाजूंनी वर मिटलेली, आणि मध्येच एखाद्या वळणावर ती फाटते आणि खाली कालचा जलाशय दिसतो, ताटलीएवढा.

अर्ध्या घाटात टेम्परेचरचा काटा वर चढला. तीन माणसं, चढ, पहिला गियर, आणि मी मुलाच्या हट्टाने एसी चालू ठेवला होता. जागा बघून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चाकामागे दगड लावला, बॉनेट उघडलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे मला माहीत होतं, त्यामुळे थांबण्याशिवाय काम नव्हतं. पाऊण तास थांबलो. डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली इथल्या वेळीप या आदिवासी समाजातली एक बाई वरून आली, आमच्याकडे पाहिलं, मोळी उतरवली, आणि काही न विचारता आमची रिकामी बाटली घेऊन झाडीत गेली. झऱ्याचं पाणी घेऊन आली. इतकं थंड की बाटलीवर दंव धरलं. काकींनी ते आधी डोळ्यांना लावलं. इंजिन निवल्यावर टाकीत किती कमी होतं ते पाहिलं, त्याच पाण्याने पातळी भरली, एसी बंद ठेवून निघालो आणि काटा पुन्हा चढला नाही.

वेर्ले वर आहे, आणि वर म्हणजे हवेतच कळतं. डोंगरांच्या मधोमध शेतं, मातीची आणि चिऱ्याची घरं, दारात मिरच्या वाळत. अलीकडे इथले काही शेतकरी थंडीत स्ट्रॉबेरी लावतात. गोव्यात स्ट्रॉबेरी हे ऐकून माझाही विश्वास बसला नव्हता, पण त्या हवेत उभं राहिल्यावर बसला. इथले बरेचसे लोक वेळीप. ही माणसं पूर्वी डोंगरउतारावर कुमेरी करायची, म्हणजे एक तुकडा जाळून, पेरून, मग तो सोडून पुढच्या तुकड्याकडे जायची. एका घरी आम्हाला चहा मिळाला. पैसे घेईनात. काकींनी शेवटी पिशवीतले दोन डझन मानकुराद आंबे ठेवले, ते घेतले. साळजिणीपर्यंत जायचं होतं, पण आकाश भरून आलं आणि ओल्या रस्त्याने तो घाट उतरायची माझी तयारी नव्हती. परत फिरले. याचं वाईट वाटलं नाही.

उतरून रिवणच्या रस्त्याने परतताना कुशावतीकाठी उसगाळीमळला थांबलो. नदीकाठच्या सपाट जांभ्यात कोरलेली शंभराहून जास्त चित्रं: बैल, हरणं, माणसं, आणि वाटोळ्या वाटांचा एक मोठा चक्रव्यूह. 1993 साली डॉ. पी. पी. शिरोडकर यांच्या पाहणीतून ती प्रकाशात आली. दुपारच्या सपाट उजेडात मुलाला काहीच दिसेना. नुसता काळा-तांबडा कातळ. मग तिथल्या राखणदाराने डबा भरून पाणी आणलं आणि कातळावर हळूहळू ओतलं. पाणी रेषांमध्ये उतरलं, आणि एक बैल उभा राहिला, वशिंड, शिंगं, सगळं. थोड्या वेळाने वाळला आणि नाहीसा झाला. मुलाने तीनदा पाणी ओतायला लावलं. काकी चक्रव्यूहाच्या कडेला बसून बोटाने बाहेरून आत वाट शोधत होत्या.

दोन दिवसांत गाडी दीडशे किलोमीटरच्या आतच चालली असेल. केप्यावरून मडगावात शिरलो तेव्हा दिवे लागले होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला. नळ आता दोन्ही वेळा येतो. परवा जिन्यात काकी भेटल्या, छत्री झटकत होत्या. म्हणाल्या, "बाय, आता बुडालं असेल ना?"

"अजून नाही," मी म्हटलं. "विहिरीपर्यंत आलं असेल."

"विहिरीपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि छत्री दाराला टांगून आत गेल्या.